‘तुमच्या घरात काय झालं होतं?’

पासपोर्टच्या पडताळणीसाठी हवालदार घरी आले, त्या दिवशी आमची अख्खी गल्ली ओट्यावर जमली होती. पोरीनं काय केलं म्हणून पोलीस आले, हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर. आई एकेकीला समजावत होती, ‘जपानला चाललीय. कामाला न्हाई, शिकायला.’ शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, ‘मग पगार किती?’

हसू नका. काकूंचा प्रश्न बरोबर होता. कामाला नाही, कॉलेजात शिकायलाही नाही, पण ऑफिसात तर जायचं. हे इंटर्नशिप प्रकरण नेमकं काय असतं, ते मला तरी तेव्हा कुठं धड माहीत होतं?

मी माकणीची. लोहारा तालुका, जिल्हा धाराशिव. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्या गावाला लागून आहे. त्यामुळे गावाचं नाव सांगितलं की लोक आधी म्हणतात, ‘धरणवालं माकणी का?’ आणि मग जरा थांबून, ‘म्हणजे किल्लारीच्या तिकडंच?’ हो, तिकडंच. लातूरला सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. तिसरं वर्ष संपल्यावर, २०२४च्या उन्हाळ्यात, मी आठ आठवडे जपानमधल्या कोबे शहरात होते. जुन्या घरांची भूकंपाच्या दृष्टीनं तपासणी करणारं एक छोटं सल्लागार ऑफिस आहे, तिथं. राहायची सोय आणि जेवणापुरते पैसे त्यांच्याकडून मिळणार होते. तिकिटाचे अर्धे पैसे सोयाबीनचे, अर्धे पतसंस्थेचे. अजून हप्ते चालू आहेत.

परत आल्यापासून कॉलेजातली ज्युनिअर पोरंपोरी भेटली की एकच विचारतात, ‘ताई, सीव्हीला फायदा होतो का?’

होतो. एक ओळ वाढते. मुलाखत घेणारा त्या ओळीवर बोट ठेवून ‘अरे वा, जपान!’ म्हणतो आणि पुढचे दोन प्रश्न सुशीवर विचारतो. एवढाच फायदा हवा असेल तर कर्ज काढून जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पुण्यात किंवा सोलापुरात एखाद्या चांगल्या साइटवर सहा महिने काढा, काम जास्त कळेल. माझ्यात जो काही फरक पडला असेल तो दोन प्रश्नांमुळे पडला. दोन्ही मला तिथं विचारले गेले आणि दोन्हींचं उत्तर मला देता आलं नाही.

पहिला प्रश्न दुसऱ्याच आठवड्यातला.

काम साधं होतं. जपानमध्ये १९८१ साली घरबांधणीचे भूकंपाचे नियम कडक झाले. त्याआधी बांधलेली लाकडी घरं आता तपासून घेतात, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी स्थानिक सरकार पैशांची मदतही करतं. घराचा नकाशा घ्यायचा, कोणत्या दिशेला किती भिंत आहे ते मोजायचं, ती भिंत घराचा भार आडवा हलताना पेलेल का ते बघायचं. माझ्याकडे मोजणीचं काम होतं. नकाशावरच्या खुणा कशा वाचायच्या ते आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी दाखवलं. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. मधेमधे मोबाईलवरचं भाषांतर. अर्ध्या गोष्टी डोक्यावरून गेल्या. आणि मी काय केलं? आपण वर्गात जे करतो तेच. मान डोलावली. ‘येस सर, अंडरस्टुड सर.’

तीन दिवस खाली मान घालून काम केलं. अकरा घरं झाली. कुणापेक्षा कमी नाही हे दाखवायचं होतं ना! चौथ्या दिवशी साहेबांनी कागद चाळले आणि गप्प झाले. झालं असं होतं, की जिथं खिडकी आहे आणि तिच्या वरखाली थोडीशी भिंत आहे, ती सगळी मी पूर्ण भिंत म्हणून मोजली होती. म्हणजे कागदावर घरं होती त्यापेक्षा मजबूत दिसत होती. आकडेमोडीतल्या चुका दोन प्रकारच्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एका चुकीनं माणसाचा खर्च वाढतो. दुसरीनं माणूस मरतो. माझी दुसऱ्या जातीची होती.

मी ओरडा खायच्या तयारीत उभी. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘तुम्हाला कळलेलं नाही, हे तुम्हाला कधी कळलं? कुठल्या दिवशी, साधारण किती वाजता?’

बघा हं प्रश्न. ‘चूक का केली’ नाही. ‘कळलं नव्हतं तर सांगितलं का नाही’ हेसुद्धा नाही. खरं उत्तर होतं, पहिल्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. ते मला सांगता येईना. घसा दाटून आला.

जपानी ऑफिसात नव्या माणसाला एक शब्द शिकवतात, ‘होरेन्सो’. होकोकू, रेनराकू, सोदान या तीन शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला. म्हणजे काय झालं ते सांगा, ज्याला कळायला हवं त्याला कळवा, आणि अडलात तर विचारा. गंमत म्हणजे होरेन्सो या शब्दाचा तिकडं साधा अर्थ आहे पालक. आपली पालकाची भाजी. मी साहेबांना सांगितलं, की मराठीत पालक म्हणजे आईवडीलसुद्धा. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगायची, आज काय केलं, काय कळलं नाही. ‘काय कळलं नाही’ हा भाग रोज हवाच. एक दिवस मी म्हटलं, आज सगळं कळलं. तर म्हणाले, मग आज काम सोपं होतं, उद्या अवघड देतो.

आपल्याकडे असं का होत नाही, यावर मी खूप विचार केला. मराठी माध्यमातून आलेली आम्ही पोरं पहिल्या वर्षी इंग्रजीला बुजतो. प्रश्न विचारायला तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. मग मान डोलवायची सवय लागते ती लागतेच. चार वर्षांत आपण इंजिनिअर होतो की नाही माहीत नाही, मान डोलवण्यात मात्र पक्के तयार होतो. आणि हे फक्त पोरांचंच आहे असं नाही. ‘मला हे माहीत नाही, उद्या बघून सांगतो’ असं फळ्यासमोर उभं राहून म्हणणारे किती सर, किती मॅडम तुम्हाला आठवतात? मला एक आठवतात. त्यांचाच विषय मला येतो.

आता दुसरा प्रश्न. या लेखाला त्याचंच नाव दिलंय.

कोबेला मोठा भूकंप झाला तो १७ जानेवारी १९९५ रोजी, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी. ६,४३४ माणसं गेली. त्याच्या आठवणी आणि अभ्यास जपणारं एक मोठं केंद्र २००२ साली शहरात उभं राहिलंय. त्यात भूकंपातून वाचलेली माणसं स्वयंसेवक म्हणून येतात आणि आलेल्यांना आपली गोष्ट सांगतात. अशा सांगणाऱ्यांना तिकडं ‘कातारिबे’ म्हणतात. ऑफिसनं मला एक दिवस तिथं पाठवलं. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी भेटल्या. त्यांनी त्यांचं सगळं सांगितलं. जुनं घर, जड कौलारू छप्पर, कौलांच्या खाली मातीचा थर, खालच्या मजल्यावर झोपलेली माणसं. मग मला विचारलं, तुम्ही कुठल्या?

मी मोठ्या रुबाबात सांगितलं. आमच्याकडेही भूकंप झाला होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. सुमारे आठ हजार मृत्यू. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. बावन्न गावं नव्या जागी वसवली. सगळं तोंडपाठ, सेमिनारला सांगितलेलं.

त्या ऐकत होत्या. दुभाष्या मुलीनं सगळं सांगून संपवल्यावर त्या म्हणाल्या, ‘हो, पण तुमच्या घरात काय झालं होतं?’

मला माहीत नव्हतं.

म्हणजे आमचं जुनं घर पडलं होतं, एवढं माहीत होतं. आजोबांचा धाकटा भाऊ गेला, हेही. पण कोण कुठं झोपलं होतं, कुठली भिंत आधी आली, आजी कशी वाचली, कुणी कुणाला बाहेर काढलं? मी कधी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं त्या घरात वाढले. दर वर्षी ३० सप्टेंबरला आजी पहाटे उठून अंगणात बसते, हे बघत वाढले. आणि भूकंपरोधक बांधकाम शिकायला सहा-साडेसहा हजार किलोमीटर दूर आले. त्या आजींना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक मान डोलावली असेन.

त्या रात्री व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. आजी म्हणाली, ‘कशाला इचारतीस गं आता त्ये?’ मग दोन मिनिटांनी स्वतःच सुरू झाली. पुढं पंधरा दिवस, एक दिवसाआड, मी तिला ऐकत होते. ऑफिसच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेत होते.

आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. माणसं दमून झोपलेली. आमचं माळवदाचं घर. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून दर साली पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची. ‘आमच्या सासूच्या टायमापास्नं टाकीत आलोय,’ आजी म्हणाली. म्हणजे घरातल्या तीन पिढ्या आपल्याच डोक्यावरचं वजन दर वर्षी थोडं थोडं वाढवत होत्या. त्यात कुणाची चूक म्हणायची? उन्हाळ्यात असं घर थंडगार. आणि आपल्याकडे भूकंप होतो हे सांगणारं होतं कोण? तेव्हाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. झोन तीनमध्ये तो आला २००२ साली. कोबेतही लोक हेच मानून होते, की मोठे भूकंप तिकडं टोकियोच्या बाजूला होतात, आपल्याकडे नाही.

भिंती दोन पदरी होत्या. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. हलल्याबरोबर पदर सुटले. आजीचं एक वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय, ‘खांब तुळया हुब्याच व्हत्या, भिताडं तेवढी आंगावर आली.’ दुसऱ्या दिवशी मी हे साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून पुढं सरकले. कारण भूकंपानंतर इथं येऊन गेलेल्या अभ्यासकांनी आपल्या अहवालात नेमकं हेच नोंदवलं होतं, की बऱ्याच घरांत लाकडी सांगाडा टिकला आणि दगडी भिंती ढासळल्या. आमच्या निरक्षर आजीची साक्ष आणि ते अहवाल एकच सांगत होते. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणि आजी वाचली कशी? ती त्या रात्री गावात नव्हतीच. राखणीला शेतातल्या कोपीत होती. पाचटाचं छप्पर. ‘पडली आसती तरी झटकून उठले आसते.’ त्या भूकंपात हे बऱ्याच ठिकाणी झालं. वाड्यात, माळवदात झोपलेले गेले आणि छपरात, झोपडीत झोपलेले राहिले. आईवडिलांनी आयुष्यभर राबून बांधलेलं पक्कं घर जिवावर उठावं आणि ज्याला घर म्हणायचीही लाज वाटायची त्या कोपीनं जीव राखावा, हे आजीला अजूनही नीट पचलेलं नाही. ती ते सांगताना हसते. ते हसू मला बघवत नाही.

बोलण्याच्या ओघात आजी एकदा म्हणाली, ‘ही तुझी बीम-बिमाची भाषा माझ्या मावसबहिणीला लई येती. ती ट्रेनिंगला जायची.’ मी म्हटलं, कसलं ट्रेनिंग?

मग उलगडा झाला. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला होता. बावन्न गावं हलवली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनी आहे त्या जागेवर घरं दुरुस्त केली, मजबूत केली. सरकारी पैसे घ्यायचे आणि काम आपणच करून घ्यायचं. यात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यांना तयार केलं. कोपऱ्यात सळई घातली का, दाराच्या वरून पट्टा फिरवला का, सिमेंटला पाणी मारलं का, हे या बायका घरोघर फिरून बघायच्या. चूल बघून मग मिस्त्रीशी भांडायला जायच्या. २००१ साली कच्छचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या बायका गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

मी हे सगळं कोबेत बसून ऐकत होते. माझ्या नात्यातली एक बाई पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तेच काम करत होती, जे शिकायला मी कर्ज काढून तिथं गेले होते. आणि तिच्याकडे सर्टिफिकेट वगैरे काही नाही.

तुम्ही म्हणाल, मग जपानला जायची गरजच काय होती? गावातच विचारायचं. मीही स्वतःला हेच विचारलं. पण मी गावात असते तर विचारलंच नसतं, हेही खरं आहे. घरातलं माणूस रोज समोर असतं, त्याला काय विचारायचं? तिथं मला कुणी ‘माकणीची’ म्हणून ओळखत नव्हतं, मार्कांनी ओळखत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं माझ्याकडे एकच अशी गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती, ती म्हणजे आमचं गाव. आणि मी ती बरोबर न घेताच गेले होते. बॅगेत शेंगांची चटणी होती, काळा मसाला होता, तीन किलो ज्वारीचं पीठ होतं. (पीठ घेऊन जाच. तिकडं साध्या भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. शाकाहारी असाल तर पहिले चार दिवस रडाल.) गावाची माहिती तेवढी नव्हती.

तेव्हा जाणार असाल तर आधी महिनाभर आपल्या भागात फिरा. तुम्ही शेतीचे असाल तर तुमच्या शिवारात विहिरींना पाणी कितीवर लागतं, वीस वर्षांपूर्वी कितीवर लागायचं, हे विचारून ठेवा. नर्सिंगच्या असाल तर तुमच्या गावची बाळंतपणं कुठं होतात, रात्री गाडी कोण देतं, हे बघून ठेवा. तिथली माणसं विचारतात. आणि त्यांना गुगलवरचं उत्तर नको असतं, ते त्यांच्याकडेही आहे.

आठ आठवड्यांत काय शिकून होणार, असंही पुष्कळ जण म्हणतात. दादासाहेब फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून गेले होते. त्या दोन महिन्यांत सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत प्रत्यक्ष शिकणं झालं ते आठवडाभराचं. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पण ते रिकाम्या डोक्यानं गेले नव्हते. आधी कितीतरी महिने घरात खटपट चालली होती, सिनेमे बघबघून डोळे अधू झाले होते. नेमकं कुठं अडलंय हे माहीत असलेल्या माणसाला आठवडा पुरतो. मला पहिले दोन आठवडे, मी कुठं अडलेय हे कबूल करण्यातच गेले.

पैशांचं एकदा स्पष्ट बोलूया, कारण गावाकडच्या पोरांना यातच फसवतात. ‘जपानमध्ये इंटर्नशिप, महिना दीड लाख’ अशा जाहिराती तुम्हीही मोबाईलवर बघितल्या असतील. जपानमध्ये ‘टेक्निकल इंटर्न’ ही एक वेगळीच योजना आहे. १९९३ पासून चालत आलेली. भारताशी त्याबाबतचा करार २०१७ साली झाला. त्यात इंटर्न म्हणजे कारखान्यात, शेतात, वृद्धसेवेत तीन ते पाच वर्षं काम करणारा माणूस. ते काम कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्यातून चांगलं कमावून आलेली माणसं आहेत. पण मालक सहजी बदलता येत नाही, या तक्रारी तिथं इतक्या झाल्या की जपाननं २०२४ साली कायदा करून ती योजना बंद करायचं आणि २०२७ पासून नवी आणायचं ठरवलंय. तुम्ही विद्यार्थी म्हणून आठ-दहा आठवडे जाताय की कामगार म्हणून तीन वर्षं, हे कागदावर सही करायच्या आधी समजून घ्या. शब्द एकच आहे, आयुष्य वेगळं आहे. आणि जो एजंट आधी लाखभर रुपये रोख मागतो त्याला काकूंचा प्रश्न विचारा, ‘पगार किती?’ आणि तो कोण देणार, लेखी?

बरं, परत आल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं.

दिवाळीच्या आधी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या काढायला घेतल्या. मी सुट्टीत गेले तर विटांच्या भिंती खिडकीच्या वर आलेल्या आणि लेंटलचा पट्टा कुठंच नाही. दारावर तेवढा एक तुकडा टाकलेला. मी म्हटलं, तात्या, हा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवायला पाहिजे. पेटीला जसा पट्टा आवळतो तसा, म्हणजे भिंती एकमेकींना धरून राहतात. मिस्त्री विडी ओढत म्हणाला, ‘ताई, तीस वर्सं झाली. काय झालं का परत?’ तात्या म्हणाले, ‘सळईचा भाव काय चाललाय म्हाईत हाय का तुला? जपानचे पैशे आणलीस का?’

मी लॅपटॉप काढला. कोबेचे फोटो दाखवले, एक व्हिडिओ दाखवला. मिस्त्री दोन मिनिटं बघून पाणी मारायला निघून गेला. तात्यांनी चहा सांगितला. एवढा शिकून आलेला माणूस आपल्याच अंगणात किती बिनकामाचा असतो, हे कळायला तिथं उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी आजीच्या मावसबहिणीला घेऊन आले. मोटारसायकलवर मागे बसवून. साठी उलटलीय त्यांची. त्यांनी आल्या आल्या भिंतीच्या कोपऱ्याला हात लावला, वीट हलते का बघितलं आणि मिस्त्रीला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. ‘तुझ्या बापानं माझ्यासमोर पट्टा भरलाय. बारा घरं केली त्यानं. आन् तू इसरलास?’ मग तात्यांकडे वळून म्हणाल्या, ‘या खोलीत कोण झोपनार हाय?’ तात्या म्हणाले, पोरं. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

संध्याकाळी सळई आली.

तेव्हा मला कोबेतल्या आजी आठवल्या. त्याही आकड्यांवर थांबल्या नव्हत्या. घरात कोण, कुठं, हेच त्यांना हवं होतं. तिथं आवाजी बेटावरच्या होकुदान गावाची गोष्ट सांगतात. कोण कुठल्या खोलीत झोपतं हे शेजाऱ्यांना माहीत होतं, म्हणून ढिगाऱ्यातून माणसं लवकर काढता आली. आम्हाला चार वर्षांच्या अभ्यासक्रमात भिंतीवरचा भार शिकवतात. त्या खोलीत कोण झोपणार, हे विचारायला शिकवत नाहीत.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं समजू नका. पट्टा चारी बाजूंनी फिरला, कोपऱ्यांत सळया उभ्या राहिल्या. पण स्लॅब पडल्यावर तात्यांनी हजार लिटरची पाण्याची टाकी नेमकी एका कोपऱ्यावर चढवली. मी हिशेब करून दाखवला. ते म्हणाले, ‘तुझं एक ऐकलं, आता माझं एक ऐक. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धरणाच्या कुशीतल्या गावात पाणी साठवायला टाकी का लागते, याचं उत्तर कोबेतही कुणाकडे नव्हतं. टाकी अजून तिथंच आहे. मी गावी गेले की आधी वर जाऊन तिच्या बुडाशी तडा गेलाय का बघते.

यंदा मी आजीचं सगळं सांगणं नीट लिहून काढलं, कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून इंग्रजी करून घेतलं आणि कोबेच्या त्या ऑफिसला पाठवलं. साहेबांनी ते त्या केंद्रातल्या आजींपर्यंत पोहोचवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. आभार मानलेत, आजीच्या तब्येतीची चौकशी केलीय आणि शेवटी विचारलंय, की त्या पहाटे आजी कोपीतून गावात चालत आल्या तेव्हा अंधारात त्यांना वाट कशी सापडली?

आजीला हे विचारायचं राहिलंय. येत्या रविवारी जाणार आहे.